ससा जाळीवरच जगतो, मग जाळी हलकी का?



दिवा, दातिवली, बेतवडे, आगासन, म्हातार्डी या पट्ट्यात आता भातखाचरे थोडीच उरली आहेत. चाळी झाल्या, इमारती झाल्या, आणि बुलेट ट्रेनचे ठाणे स्थानकही म्हातार्डीलाच होत आहे. ज्यांच्या घरामागे एक-दोन गुंठे शिल्लक आहेत, ते विचारतात, ‘साहेब, एवढ्याशा जागेत काय करता येईल?’ शेळीला चराई नाही, म्हशीला वैरण नाही. मग कुणीतरी सशाचे नाव काढतो. मादी ३०-३२ दिवसांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्ले देते, पाला आणि थोडा खुराक खाते. कागदावर हिशोब छान दिसतो.

या धंद्यात बाजार मिळतो का, उन्हाळा सोसतो का, हे प्रश्न मोठे आहेत आणि ते आधी विचारलेच पाहिजेत. महापालिका हद्दीत जनावरे पाळायला परवानगी लागते का, हेही प्रभाग कार्यालयात विचारून घ्या. पण ज्यांनी विचार करून ससे आणायचे ठरवले, त्यांच्याशी आज मला एकाच वस्तूबद्दल बोलायचे आहे. ती म्हणजे पिंजऱ्याची जाळी. माझे मत स्पष्ट आहे. तळाच्या जाळीत पैसे वाचवायचे असतील, तर ससे आणूच नका.

पायाला गादी नाही

कुत्र्या-मांजराच्या पंजाला खाली गादी असते. सशाच्या तळव्याला ती नसते, नुसते दाट केस असतात. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट या जातींचा मोठा ससा चार किलोच्या आसपास भरतो. हे सगळे वजन रात्रंदिवस तारेवर. तार बारीक असेल तर ती रुतते, केस झडतात, तळव्याला जखम होते. ओलसर हवेत जखम चिघळते. ससा खाणे टाकतो, मादी पिल्लांना पाजायला उभी राहत नाही. मालक म्हणतो, ‘काय रोग आला कळलंच नाही.’ अहो, रोग कसला? तारच ती!

आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती सहा कोनांची कोंबडी जाळी. दुकानात ती पुढेच टांगलेली असते आणि स्वस्त असते. ती कोंबडीला आडोसा म्हणून ठीक. सशाच्या पिंजऱ्याला ती कुठेच चालत नाही. तळाला घातली तर झोळ पडतो आणि पाय कापतात, बाजूला लावली तर ससा आतून कुरतडतो आणि भटका कुत्रा बाहेरून एका झटक्यात फाडतो. प्लॅस्टिकचे आवरण असलेली जाळीही नको. ससा ते प्लॅस्टिक कुरतडून गिळतो.

तळ वेगळा, बाजू वेगळ्या

पिंजऱ्याला लागते ती वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी, जिला दुकानदार वेल्डमेश म्हणतात. तळाला छिद्र अर्धा इंच बाय एक इंच हवे. त्यातून लेंड्या खाली पडतात आणि पिल्लाचा पाय अडकत नाही. एक बाय एक इंचाची जाळी तळाला घातली तर पिल्लाचा पाय आत जातो आणि धडपडीत मोडतो. अर्धा-एकच्या जाळीत एका दिशेच्या तारा अर्ध्या इंचावर असतात. त्या तारांची बाजू वर ठेवा, म्हणजे पायाला जवळजवळ आधार मिळतो. जाळी उलटी बसवणारे बरेच असतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

बाजूंना आणि वरती एक बाय दोन इंचाची, १४ गेजची जाळी चालते. मात्र बाजूंच्या खालच्या चार इंचांत पुन्हा अर्धा-एकची पट्टी घाला, नाहीतर लहान पिल्ले बाहेर पडतात. उंदीर आणि घुशी एक बाय दोनच्या छिद्रातून सहज आत येतात. शेडला सगळीकडून अर्ध्या इंचाची जाळी नसेल, तर पिंजराच चारी बाजूंनी अर्धा-एकचा करा. दिव्यात उंदीर-घुशींना तोटा नाही, हे मी सांगायला नको.

नंबर वाढला की तार बारीक

गेजचा आकडा उलटा चालतो, आणि तिथेच माणूस फसतो. १४ गेजची तार २ मिलिमीटर जाड, १६ गेजची सुमारे १.६ मिलिमीटर, १८ गेजची जेमतेम १.२ मिलिमीटर. ‘अठरा म्हणजे भारी’ असे समजून घेतली की झाले! तळाला किमान १६ गेज, आणि भारी वजनाच्या जातीला १४ गेज घ्या. गेजचे तक्ते एकाहून जास्त आहेत, म्हणून दुकानात मिलिमीटरमध्येच मागा.

दुकानदार सांगेल त्यावर विसंबू नका. दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली पट्टीची. जाळीच्या कडेचे तारेचे दहा तुकडे शेजारी शेजारी चिकटून ठेवा आणि मुलाच्या दप्तरातल्या पट्टीने मोजा. २० मिलिमीटर भरले तर १४ गेज, १६ भरले तर १६ गेज, १२ भरले तर १८ गेज. दुसरी परीक्षा काट्याची. अर्धा-एकच्या जाळीचे वजन चौरस फुटाला १६ गेजमध्ये साधारण १८० ग्रॅम, १४ गेजमध्ये २८० ग्रॅम आणि १८ गेजमध्ये फक्त १०० ग्रॅम भरते. समजा, ३ फूट रुंद आणि ५० फूट लांब गुंडाळी १६ गेजची म्हणून घेतली. ती २७ किलोच्या आसपास भरायला हवी. १५-१६ किलोच भरली, तर ती १८ गेजची आहे हे तिथेच ओळखा.

आता बचतीचा हिशोब पाहा. अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच पिंजऱ्याला एकूण साडेतेवीस चौरस फूट जाळी लागते. त्यात तळ फक्त पाच चौरस फूट, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा. तळाला १६ऐवजी १८ गेज लावून वाचते किती? पिंजऱ्यामागे ४०० ग्रॅम तार. एवढ्यासाठी मादीचे पाय घालवायचे का, याचा विचार घरात बसून करा.

खाडीची हवा

केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे दक्षिणेतले केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरला आहे. तिथे व्हाइट जायंट आणि सोव्हिएत चिंचिला ससे थंड डोंगरात वाढतात. आपली गोष्ट वेगळी. इथे खाडी, खाजण, चार महिन्यांचा पाऊस आणि वर्षभर दमट हवा. दाराची कडी जिथे दोन पावसाळ्यांत गंजते, तिथे जाळीचे काय होणार? त्यात सशाचे मूत्र तीव्र. त्यातला चुना तारेवर पांढरा थर धरतो, आणि त्या ओलाव्यातला अमोनिया जस्ताचा मुलामा खातो.

म्हणून मुलामा कधी दिला, हे विचारा. काही जाळ्यांत आधी मुलामा दिलेली तार घेऊन नंतर वेल्डिंग करतात. तेव्हा सांध्यावरचे जस्त जळते, आणि गंज तिथूनच सुरू होतो. वेल्डिंग झाल्यावर पूर्ण जाळी वितळलेल्या जस्तात बुडवली असेल, तर सांधेही झाकले जातात. ओळखायचे कसे? सांध्याकडे निरखून पाहा. तिथे राखाडी जस्त साचलेले दिसले तर माल चांगला. काळपट डाग दिसला तर नको. याच कारणाने पिंजऱ्याचे भाग घरी वेल्डिंगने जोडू नका. क्लिपांनी किंवा गॅल्व्हनाइज्ड तारेने बांधा. सळया बांधायची काळी बायंडिंग तार पहिल्याच पावसात गंजते.

नवी जाळी आणली की तारेच्या ब्रशने घासून जस्ताचे सुटे कण काढा, धुवा, उन्हात वाळवा. ते पोटात गेले तर सशाला बाधतात. कापलेली टोके कानशीने घासा. तळाखाली आडवी सळई द्या, म्हणजे झोळ पडून घाण मधोमध साचणार नाही. आत एक छोटी लाकडी फळी ठेवा. ससा तिच्यावर पाय टेकून विसावा घेतो. कुरतडली, भिजली की बदला.

अंदाजपत्रकात जाडी लिहा

शेवटचे बोलणे ग्रामसेवक, बचत गटांच्या ताई आणि कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांशी. दिवा महापालिकेत आहे, पण कल्याण, अंबरनाथ, मुरबाड, शहापूरच्या गावांत असे प्रस्ताव ग्रामपंचायतीतून आणि गटांतूनच येतात. प्रस्तावात नुसते ‘लोखंडी जाळीचे पिंजरे, नग दहा’ असे लिहिले, की सर्वांत कमी दर देणाऱ्याचा माल येतो. तो बारीक तारेचाच असणार. पुरवठादाराला नावे ठेवून काय उपयोग? जे लिहून दिले तेच त्याने दिले. दोन वर्षांत तळ फाटतो, पण कर्जाचे हप्ते तीन वर्षे चालतात, आणि ते भरते गटातली बाई.

म्हणून प्रस्तावात असे स्पष्ट लिहा: तळ अर्धा इंच बाय एक इंच, तार १.६ मिलिमीटर किंवा जास्त. बाजू व वरचा भाग एक इंच बाय दोन इंच, तार २ मिलिमीटर. बाजूंच्या खालच्या चार इंचांत तळाचीच जाळी. वेल्डिंगनंतर जस्ताचा मुलामा. आणि माल उतरवून घेताना काटा लावा. पट्टी आणि काटा हाती असला, की शिक्का-सहीला अर्थ येतो.

कुणी म्हणेल, ‘गरिबाला एवढी भारी जाळी परवडते का?’ परवडत नसेल तर दहाऐवजी सहा पिंजरे करा. अहवालात नग कमी दिसतील, दिसू द्या. सहा पिंजऱ्यांतले धडधाकट ससे दहा पिंजऱ्यांतल्या लंगड्या सशांपेक्षा घराला जास्त देतात.

आणखी एक. ससे नेहमी पाळीव जातीचेच आणा, आणि तेही माहितीच्या ठिकाणाहून. माळावरचा रानससा पकडून पिंजऱ्यात घालणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

आधी जाळी नीट पारखून घ्या, पिंजरा बांधून एक पाऊस काढा, सांधे तपासा. ससे त्यानंतर आणले तरी उशीर होत नाही.