एचआयव्ही: विषय काढणारा दोस्त हवा

सरकारने कितीही सांगितलं तरी एचआयव्हीची चाचणी माणूस लाजेपोटी टाळतो. मग सांगायचं कुणी?

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये पुरुषांशी संबंध ठेवणारे ११२ पुरुष फेसबुकच्या बंद गटांत जोडले गेले. बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. काही गटांत त्यांच्यातलेच प्रशिक्षित साथी एचआयव्हीवर बोलत, बाकीच्यांत साथी सर्वसाधारण आरोग्यावर. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या गटांतील ४४ टक्के जणांनी घरी करायची चाचणी मागितली, दुसऱ्यांत फक्त २० टक्क्यांनी.

साथी दोन्हीकडे होते. म्हणजे नुसता दोस्त असून भागत नाही, त्याने विषय काढावा लागतो.

आपल्याकडे सरकारी केंद्रात चाचणी मोफत, नाव गुप्त. १०९७ ही हेल्पलाइनही आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे पहिल्यांदा कोण लिहिणार, एवढंच बाकी आहे.