इलेक्ट्रिक गाडीतला एएम रेडिओ : दोष अँटेनाचा नाहीच!

गाडीवरची लांब दांडी आता कमीच दिसते. तिच्या जागी छतावर शार्क फिन, नाहीतर काचेत बसवलेल्या बारीक तारा. (मागच्या काचेवरच्या सगळ्या रेषा डिफॉगरच्याच असतात असं नाही बरं का!) 100 मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी 3 मीटर, तिचा पाव भाग 75 सेंटीमीटर, म्हणून दांडी तेवढी असायची. शार्क फिन ती कसर अँप्लिफायरने भरून काढतो, शिवाय त्यात जीपीएसही बसतं.

मग अमेरिकेत काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम का काढला? कारण आहे इन्व्हर्टर. मोटर चालवताना तो सेकंदाला हजारो वेळा स्विचिंग करतो आणि त्याचा गोंगाट नेमका एएमच्या पट्ट्यात घुसतो. शील्डिंग आणि फिल्टर लावून तो कमी करता येतो, फक्त खर्च वाढतो. म्हणजे माझ्या मते प्रश्न पैशांचा जास्त आहे.

2023 मध्ये फोर्डने एएम बंद करायचं ठरवलं. पण आणीबाणीच्या सूचना याच रेडिओवरून दूरच्या गावांपर्यंत पोचतात, म्हणून तिथल्या खासदारांनी सक्तीचं विधेयक आणलं. फोर्डने माघार घेतली, आणि ज्या इलेक्ट्रिक गाड्यांत एएम नव्हता त्यांना तो चक्क सॉफ्टवेअर अपडेटने देऊ केला!

वादळात मोबाइल टॉवर बंद पडतात, तेव्हा आपल्याकडेही आकाशवाणीच्या मध्यम लहरी लांबवर पोचू शकतात. इव्हीची टेस्ट ड्राइव्ह घेताय? एएम आहे का विचारा, आणि असेल तर गाडी चालू असताना लावून ऐका.