पंपाची सवय लागत नाही

इनहेलरची सवय लागते, म्हणून बरे वाटताच तो थांबवावा, हे या सदरात छापून आलेले मत दमा आणि सीओपीडी या श्वसनविकारांच्या रुग्णांसाठी धोक्याचे आहे. रोजच्या पंपातले औषध व्यसन लावत नाही. ते श्वासनलिकांची सूज आणि आकुंचन आटोक्यात ठेवते. दम लागत नाही, तो त्याच औषधामुळे. शिवाय पंपातून औषधही कमी जाते: श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाचा एक फवारा अवघा १०० मायक्रोग्रॅमचा.

तळोजा औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या नावडे परिसरात प्रदूषित हवेची तक्रार रास्तच आहे. पण हवा सुधारेपर्यंत औषध थांबवून चालत नाही.

खरी गफलत बहुधा पंप घेण्याच्या पद्धतीत होते. पुडीच्या पंपात, म्हणजे रोटाहेलरमध्ये, कॅप्सूल घालून फिरवल्यावर श्वास बाहेर सोडायचा, मात्र यंत्रात नाही. मग यंत्राच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचा आणि दहा सेकंद धरायचा. कॅप्सूलमध्ये पूड उरली, तर पुन्हा ओढायचा. फवाऱ्याच्या पंपाचे उलट: तो हलवून, दाबताना सावकाश ओढायचा. वृद्धांना दाबण्या-ओढण्याचा हा मेळ जमत नसेल, तर पंपाला स्पेसरची नळी लावावी. पावसाळ्यात कॅप्सूलची बाटली उघडी राहिली, तर पूड दमट होते.

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकली नाही, तर तोंडात बुरशी धरू शकते आणि रुग्ण पंपच सोडून देतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ दात घासण्याआधी पंप घेणे सोयीचे. डॉक्टरांनीही दर तपासणीत रुग्णाला पंप ओढून दाखवायला सांगावे.

— एक वाचक, नावडे