मुळशीचे पाणी, गिरण्यांचा धूर आणि हरित पोलादाचा हिशेब

१/ जड उद्योगांतील कार्बन उत्सर्जन कमी करण्याची चर्चा आज नवी वाटते. परंतु कोळसा सोडून धूरविरहित ऊर्जेकडे वळण्याचा एक मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर झाला. त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरून आजच्या हरित उद्योगाचे मूल्यमापन करता येणार नाही.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. खाणी दूर असल्याने कोळसा महाग पडे, आणि शहरावर धुराचे सावट असे. १९१२ मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला.

३/ घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते कोकणाच्या बाजूस सोडायचे आणि त्यावर निर्माण झालेली वीज गिरण्यांना द्यायची, ही कल्पना जमशेटजी टाटांची. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. त्या काळी उत्सर्जनाचा विचार कोणाच्या मनात नव्हता. हेतू स्वस्त ऊर्जेचा आणि स्वच्छ शहराचा होता. तरीही परिणाम तोच झाला: कोळसा वाचला.

४/ पुढचे धरण मुळशीस, मुळा नदीवर बांधायचे ठरले. त्यात सुमारे पन्नास गावांची भातखाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागी सत्याग्रहास बसले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात.

५/ काम काही काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. १८९४ च्या भूसंपादन कायद्यापुढे शेतकऱ्याच्या नकाराला किंमत नव्हती. अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या होत्या. नुकसानभरपाईचा आकडा दिसताच त्यांतील बरेच जण लढ्यापासून दूर झाले. कसणाऱ्याचे घर गेले आणि मोबदला कागदावरील मालकास मिळाला.

६/ धरण झाले. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र वीज देऊ लागले. मुंबईचा लाभ खरा होता आणि मावळाचे नुकसानही तितकेच खरे होते. मात्र हिशेबाच्या वहीत केवळ पहिली बाजू लिहिली गेली.

७/ आता मुंढव्याकडे पाहावे. मुळशीहून निघालेली मुळा पुण्यात मुठेस मिळते आणि मुळा-मुठा मुंढव्यावरून पुढे जाते. तेथील कल्याणी समूहाच्या सारलोहा कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये ‘कल्याणी फेरेस्टा’ हे हरित पोलाद बाजारात आणले. कोळशाच्या झोतभट्टीऐवजी विद्युतभट्टी, भंगार पोलादाचा वापर आणि नवीकरणीय वीज, हे त्यामागील सूत्र. ही दिशा स्वागतार्ह आहे.

८/ डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या केली: एक टन तयार पोलादामागे २.२ टनांहून कमी कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन. मोजमाप आवश्यकच आहे. परंतु ही फूटपट्टी केवळ वायू मोजते. भट्टीची वीज कोणाच्या जमिनीवरून आली, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

९/ तो प्रश्न दूरचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला: पुणे जिल्ह्यात शिरवता येथे १,८०० मेगावॅट आणि रायगडात भिवपुरी येथे १,००० मेगावॅट. वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे आणि टंचाईच्या वेळी खाली सोडून वीज घ्यायची, ही त्याची रीत. सूर्य मावळल्यावरही कारखाने चालवायचे तर अशा साठवणुकीची गरज आहे. म्हणजे सह्याद्रीचा माथा पुन्हा एकदा उद्योगाच्या नकाशावर आला आहे.

१०/ संमतीची वाट पाहण्याइतका वेळ हवामानाच्या संकटात उरलेला नाही, असे काही जण म्हणतील. १९२१ मध्येही घाईच होती. फक्त कारण वेगळे होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांच्या पूर्वसंमतीची अट घातली. पुढे काही राज्यांनी त्यातून सवलती दिल्या. मुळशीचा इतिहास अशा सवलतींविरुद्ध साक्ष देतो.

११/ हरित पोलादाच्या प्रमाणपत्रावर कार्बनच्या आकड्याशेजारी आणखी एक ओळ असावी: ही वीज कोठून आली, त्यासाठी कोण हलले आणि त्यांनी होकार दिला होता का. धुराड्यातून निघणारा धूर थांबवणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे मुळशीच्या जलाशयाखाली शंभर वर्षे पडून आहे.