डागाला मिशा फुटतात तेव्हा
परवा भाचीच्या चित्रकलेच्या वहीवर माझ्याच हातून चहा सांडला. ती आता रडणार, तेवढ्यात तिनं त्या डागाला मिशा काढल्या, टोपी चढवली आणि गोदाघाटावरचा पेंगुळलेला भेळभत्तेवाला तयार! (तिच्या आजवरच्या एकाही परीत इतका जीव नव्हता, हे मी बोललो नाही.) आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही 1915 च्या ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात एकेक चौकट टिपत साध्या काड्या नाचवल्या, काडीला ना नाक, ना डोळे, तरी ती पात्र झाली. पात्राचं वय, गाव, स्वभाव यांचा तक्ता भरून मगच पेन्सिल उचलणं म्हणजे पत्रिका जुळवून मैत्री करणं. आधी गिरगटावं, कोण आलंय ते कागदच सांगतो. भेळभत्तेवाल्याचं नाव तेवढं अडलंय. भाचीला ‘मामा’ हवंय, माझा ठाम विरोध आहे.