तेरा हजार ओळी आणि चार बटणं

जून २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री मेळाव्याच्या तोंडावर बेथेस्डा या गेम कंपनीचे टॉड हॉवर्ड यांनी ‘फॉलआउट ४’ हा गेम लोकांपुढे आणला. ‘फॉलआउट’च्या मुख्य मालिकेत तोवर नायक मुका होता. आता तो बोलणार होता. एक अभिनेता आणि एक अभिनेत्री अशा दोघांनी पुरुष आणि स्त्री नायकासाठी प्रत्येकी तेरा हजारांच्या आसपास ओळी ध्वनिमुद्रित केल्याचं तिथं अभिमानानं सांगण्यात आलं. घरातला यंत्रमानव कॉड्सवर्थ खेळाडूनं निवडलेल्या नावानं त्याला हाक मारू शकावा, म्हणून शेकडो नावंही मुद्रित केली होती. एवढी मेहनत क्वचितच कुणी घेतली असेल.

नोव्हेंबरमध्ये गेम बाजारात आला, प्रचंड खपला, आणि थोड्याच काळात पीसीवरच्या खेळाडूंमध्ये एक मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायचा बदल, लोकप्रिय झाला. त्याचं काम एवढंच की नायक जे वाक्य बोलणार आहे, ते निवडण्याआधी पूर्ण दाखवायचं. मूळ गेममध्ये चार बटणांसमोर चार तुटक सूचना दिसत. एक होकाराची, एक नकाराची, एक प्रश्नाची, एक बहुतेकदा टोमण्याची. बटण दाबल्यावर नायकाच्या तोंडून नेमकं काय निघणार, हे दाबणाऱ्यालाच ठाऊक नसे.

खेळाडूला स्वतःच्या तोंडचं वाक्य जाणून घ्यायला बाहेरची मदत घ्यावी लागते, याला केवळ मांडणीतली चूक म्हणून सोडून देता येणार नाही. खेळाडूनं घडवायच्या पात्राला आधीच ठरलेला आवाज दिला, की संवाद आटतात, पर्याय सारखे होत जातात आणि पात्र हळूहळू खेळाडूच्या हातून सुटतं. रोल-प्लेइंग गेमच्या जगात गेली दोन दशकं हे पुन्हा पुन्हा घडलं आहे. तरी बोलक्या नायकाची बाजू मांडणारे कमी नाहीत आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही, म्हणून आधी पूर्वपक्ष नीट ऐकला पाहिजे.

त्यांचा पहिला दाखला असतो ‘मास इफेक्ट’चा. २००७ मध्ये बायोवेअरनं कमांडर शेपर्डला मार्क मीर आणि जेनिफर हेल यांचे आवाज दिले. हेल यांच्या आवाजातली शेपर्ड तीन गेममधून थकत, चिडत, खंबीर होत जाते, ते ऐकलेला माणूस मुक्या नायकाकडे वळायला नाखूश असतो. दुसरा दाखला ‘द विचर ३’चा. इंग्रजीतला डग कॉकल यांचा कोरडा, दमलेला गेराल्ट काढून टाकला, तर त्या गेमचा प्राणच जाईल. हे सगळं खरं आहे.

पण गेराल्ट कुणाचा आहे? पोलिश लेखक आंद्रेय साप्कोव्स्की यांच्या कथांमधून तो आला. त्याचं वय, धंदा, प्रेयसी, बोलण्याची ढब, सगळं खेळाडू येण्याआधी ठरलेलं आहे. खेळाडू त्याच्या वतीनं निर्णय घेतो, त्याला घडवत नाही. शेपर्डचंही बऱ्याच अंशी तेच. आडनाव ठरलेलं, हुद्दा ठरलेला, लष्करी शिस्त ठरलेली. खेळाडूच्या वाट्याला येतं ते पूर्वायुष्याचे मोजके तपशील आणि स्वभावाचा कल. लेखकानं घडवलेल्या माणसाला लेखकानं निवडलेला आवाज शोभतो. चेक दिग्दर्शक डॅनियल वावरा यांच्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मधला लोहाराचा मुलगा हेन्रीही असाच शोभतो. या उदाहरणांवरून निघणारा नियम एवढाच. जो नायक खेळाडूनं शून्यातून उभा करायचा आहे, त्याला हा नियम लागू करताना पूर्वपक्षाची घसरगुंडी सुरू होते.

‘फॉलआउट ४’मध्ये ती दिसते. तिथं चेहरा, नाव, गुण सगळं खेळाडू निवडतो. पण पुरुष निवडला तर तो माजी सैनिकच असतो, स्त्री निवडली तर वकीलच, आणि दोघंही पळवून नेलेल्या तान्ह्या मुलासाठी व्याकूळ झालेले पालक. कलाकारांनी ती व्याकूळता मनापासून साकारली आहे, आणि नेमकी तिथंच अडचण होते. एखाद्याला थंड डोक्याचा, स्वार्थी, लुटारू माणूस खेळायचा असेल, तर त्याच्या तोंडून निघणारा काळजीनं भरलेला आवाज त्याला क्षणोक्षणी खोटं पाडतो.

हीच मालिका पूर्वी काय करत होती ते पाहण्याजोगं आहे. १९९७ चा ‘फॉलआउट’ आणि १९९८ चा ‘फॉलआउट २’ यांत खेळाडूनं बुद्धीचा गुण अगदी खाली ठेवला, तर नायकाचे संवाद बदलत. तो तोडकंमोडकं बोलू लागे, लोक त्याला टाळत किंवा त्याची कीव करत, कित्येक कामं त्याला मिळतच नसत. ‘फॉलआउट २’मधल्या क्लॅमथ गावात टॉर नावाचा मंदबुद्धी गुराखी भेटतो. हुशार नायकाला त्याचं बोलणं नीट कळत नाही. पण मंदबुद्धी नायक त्याच्याशी बोलला की दोघांचा संवाद अचानक सुसंस्कृत आणि ओघवता होतो. जगाला अडाणी वाटणारी दोन माणसं एकमेकांना पूर्ण समजतात. फार थोड्या खेळाडूंना दिसणार असलेला हा प्रसंग कुणीतरी प्रेमानं लिहिला, कारण त्याला लागत होते फक्त शब्द. बोलक्या नायकाच्या गेममध्ये मंदबुद्धी पात्राला जागा द्यायची, तर दोन्ही कलाकारांकडून नायकाच्या ओळींचा मोठा भाग नव्यानं बोलवून घ्यावा लागेल. असा खर्च कोणता निर्माता करेल?

पूर्वपक्षाचं दुसरं म्हणणं असं की दोष आवाजाचा नाही, लिखाणाचा आहे. चांगले लेखक घ्या, म्हणजे आवाज आणि पर्याय दोन्ही सांभाळता येतात. मात्र लेखक कितीही चांगला असो, ध्वनिमुद्रणाचं गणित बदलत नाही. लिहिलेली ओळ शेवटच्या आठवड्यातही सुधारता येते. बोललेली ओळ सुधारायची तर कलाकाराला पुन्हा स्टुडिओत बोलवावं लागतं, तेही नायकाच्या प्रत्येक आवाजासाठी आणि ज्या ज्या भाषेत मुद्रण केलं असेल त्या प्रत्येक भाषेत. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री लागते ती शंभरातल्या पाच खेळाडूंनाच ऐकू येतील अशा ओळींना: वैद्यकी जाणणाऱ्याचा शेरा, चोराची थाप, भित्र्याची माघार. रोल-प्लेइंग गेमचा जीव मात्र याच ओळींत असतो.

हे गणित सर्वांत ठळक दिसलं ते ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’मध्ये. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या या ऑनलाइन गेममध्ये आठ प्रकारचे नायक होते. प्रत्येकाची स्वतंत्र कथा, प्रत्येकाला स्त्री आणि पुरुष असे दोन आवाज, म्हणजे नायकांचेच सोळा आवाज. एकूण मुद्रित ओळी दोन लाखांच्या वर गेल्या. ते वैभव अपूर्वच होतं. पण पुढच्या विस्तारांत या स्वतंत्र कथा आक्रसत गेल्या आणि २०१५ च्या ‘नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर’मध्ये आठही नायकांना एकच सामाईक कथा मिळाली. तस्कर असो की जेडाय, प्रवास तोच.

‘ड्रॅगन एज’चंही असंच. २००९ च्या ‘ओरिजिन्स’मध्ये मुका नायक होता आणि त्याला सहा वेगळ्या सुरुवाती होत्या. बटू उमराव, बटू बहिष्कृत, शहरी वस्तीतला एल्फ, रानातला एल्फ, मनोऱ्यातला जादूगार, मानवी सरदारघराणं. आणि त्या जन्माची सावली पुढच्या संवादांवर पडत असे. २०११ च्या दुसऱ्या भागात नायक हॉक बोलू लागला आणि तो फक्त मानवच राहिला. त्याला निर्मितीची अपुरी मुदतही कारण होती, आवाज एकटाच जबाबदार नाही. तरी त्याच गेममध्ये हॉकच्या नेहमीच्या सुरावर लक्ष ठेवून, तो सौम्य, खट्याळ की कठोर हे ओळखून, पुढची वाक्यं त्या सुरात बोलवण्याची सोय होती. बोलक्या नायकाला खेळाडूच्या स्वभावाजवळ नेण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता, आणि तोही अखेर तीन सुरांवर थांबला.

नायक बोलका केला की संक्षिप्त पर्यायांचा रोगही येतो. समर्थक म्हणतात, पूर्ण वाक्य आधी वाचलं आणि मग तेच ऐकलं तर कंटाळा येतो, म्हणून पडद्यावर फक्त इशारा द्यावा. खेळाडूच्या हेतूपुढे या कंटाळ्याची किंमत ती किती? ‘एल. ए. न्वार’ या २०११ च्या पोलिस-कथेत साक्षीदारावर शंका घेण्याचं बटण होतं. ते दाबल्यावर नायक कधीकधी समोरच्यावर असा तुटून पडे की खेळाडू अवाक् होई. २०१७ च्या नव्या आवृत्तीत त्या बटणांची नावंच बदलावी लागली. त्याच २०११ मध्ये ‘डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन’नं साधा तोडगा काढला होता. सुराचा इशारा एका शब्दात, आणि त्यावर थांबलं की पूर्ण वाक्य. तो तोडगा सर्वांनी उचलला असता, तर अर्धी तक्रार तेव्हाच मिटली असती.

अर्धीच, कारण हेतूचा प्रश्न उरतो. १९९९ च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’मध्ये काही ठिकाणी एकच वाक्य दोनदा दिसतं: एकदा खरेपणानं म्हणायचं, एकदा खोटं म्हणून. समोरच्या पात्राला दोन्ही सारखीच ऐकू येतात. फरक फक्त बोलणाऱ्याच्या मनात असतो आणि गेम त्याची नोंद ठेवतो. वचन देताना ते मोडायचं ठरवलेला माणूस आणि पाळायचं ठरवलेला माणूस इथं वेगळे राहतात. हा दुपदरीपणा छापील ओळीत सहज मावतो. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’नं टेबलाभोवती बसलेल्या माणसांना दुसऱ्याची भूमिका घ्यायला शिकवलं, तेव्हाही शब्दांमागचा हेतू बोलणाऱ्याचाच होता. संगणकावरच्या या प्रकाराचा वारसा तो आहे.

आजचा खेळाडू वाचत नाही, हा पूर्वपक्षाचा शेवटचा आधार, आणि तो सर्वांत दुबळा. ‘डिस्को एलिझियम’मध्ये दहा लाखांच्या वर शब्द आहेत. मार्च २०२१ च्या ‘फायनल कट’ आवृत्तीत त्याच्या जवळपास सर्व मजकुराला आवाज मिळाला. नायकाच्या डोक्यातल्या चोवीस कौशल्यांना लेनव्हल ब्राउन यांनी बोलतं केलं, पण खेळाडू निवडतो ती नायकाची वाक्यं निःशब्दच ठेवली. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’चा नायक भटकताना अधूनमधून एखादं वाक्य बोलतो, संभाषणात मात्र गप्प असतो. त्याच्यासमोर पूर्ण वाक्यांची यादी येते आणि त्यात त्याच्या वंशाची, पेशाची, कौशल्याची खास वाक्यं मिसळलेली असतात. आवाजाचा पैसा गेमच्या निर्मात्या लॅरियननं नायकाच्या सोबत्यांवर ओतला. अस्टॅरियनच्या भूमिकेसाठी नील न्यूबन यांना पुरस्कार मिळाला आणि गेमला २०२३ चा सर्वोत्तम गेमचा मान. जवळून टिपलेल्या दृश्यांत नायकाचा अबोल चेहरा कधी अवघडलेला दिसतो, हे नाकारण्याचं कारण नाही. ती किंमत खेळाडूंनी आनंदानं मोजली.

मुकेपणाच्या भक्तांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. नायक गप्प ठेवला म्हणजे संवाद आपोआप खोल होत नाही. बेथेस्डाच्याच ‘स्टारफील्ड’मध्ये नायक पुन्हा मुका झाला, इतरांच्या ओळी अडीच लाखांपर्यंत गेल्या, तरी तिथले कितीतरी पर्याय वेगळ्या शब्दांत एकाच उत्तराकडे नेतात. मौनामुळे जागा मिळते. ती भरायचं काम लेखकांचंच, आणि ते टाळलं तर मौनही फुकट जातं.

बेथेस्डानं धडा घेतला हे मात्र खरं. संवादांचा प्रयोग तितकासा जमला नाही, हे हॉवर्ड यांनी २०१६ मध्ये मान्य केलं. एप्रिल २०२० मध्ये ‘फॉलआउट ७६’च्या ‘वेस्टलँडर्स’ विस्तारात बोलणारी माणसं परत आणली, तेव्हा खेळाडूच्या हाती पुन्हा पूर्ण वाक्यांची यादी दिली.

आता नवा युक्तिवाद तयार होतो आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता स्वस्तात हवा तेवढा आवाज देईल, मग ओळी कापायचं कारणच उरणार नाही. अमेरिकेतल्या गेम-कलाकारांनी याच धास्तीपोटी जुलै २०२४ मध्ये पुकारलेला संप २०२५ पर्यंत चालला. कलाकारांच्या पोटाचा प्रश्न तर आहेच. पण उद्या मुद्रणाचा खर्च शून्यावर आला, तरी यंत्रालाही त्या वाक्यासाठी कोणता तरी एक सूर निवडावाच लागेल, आणि खेळाडूनं ते वाक्य मनात कोणत्या सुरात म्हटलं होतं, हे त्याला कळणार नाही. म्हणून ज्या गेममध्ये पात्र खेळाडूनं घडवायचं आहे, तिथं मागणी सरळ आहे: पूर्ण वाक्य दाखवा, पात्राचा जन्म, पेशा आणि उणिवा संवादांत उतरवा, आणि नायकाला आवाज दिलाच असेल, तर इतरांचे आवाज चालू ठेवून फक्त त्याचा बंद करायची सोय सेटिंगमध्ये द्या.