शत्रूंचाही महागाई भत्ता

पगार वाढला आणि त्याच महिन्यात दूध, भाजी, रिक्षा आणि शाळेची फी असं सगळंच त्याच प्रमाणात वाढलं, तर माणूस श्रीमंत झाला असं म्हणायचं का? उभं आयुष्य बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असतं. आमचा महागाई भत्ता किंमत निर्देशांकाच्या शेपटीला बांधलेला असे. तो वाढला म्हणून कुणी पेढे वाटल्याचं मला आठवत नाही. आहोत तिथेच राहण्यासाठी मिळालेली ती रक्कम, हे शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनाच ठाऊक असे. पेढे निघत ते बढतीचे.

हा साधा फरक एका अतिशय गाजलेल्या संगणकीय खेळाच्या निर्मात्यांनी नजरेआड केला, आणि त्यावरून सुरू झालेला वाद वीस वर्षं होत आली तरी मिटलेला नाही. खेळाचं नाव ‘ऑब्लिव्हियन’. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेतला हा चौथा खेळ अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीनं मार्च २००६ मध्ये बाजारात आणला आणि एप्रिल २०२५ मध्ये तोच नव्या रंगरूपात पुन्हा आला. निवृत्तीनंतर मी अशा खेळांकडे वळलो तो कादंबरीकाराच्या कुतूहलापोटी. एक अख्खं राज्य, त्याची शहरं, देवळं, दरोडेखोर, सराया, आणि तुम्ही कुठेही जायला मोकळे. अशी मोकळीक आम्हा लिहिणाऱ्यांना कुठली! आमच्या वाचकाला पहिल्या पानानंतर दुसरंच पान उलटावं लागतं.

ज्या घरांत नातवंडं तासन्‌तास पडद्यासमोर बसतात आणि आजी-आजोबा लांबून उसासे टाकतात, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. या खेळात तुम्ही सायरोडिल नावाच्या काल्पनिक राज्याच्या तुरुंगातले एक कैदी असता. सुटका होते आणि पुढचं तुमचं तुम्ही ठरवता. तलवार चालवली की तलवारबाजी सुधारते, धावलं की धावणं सुधारतं, दुकानदाराशी घासाघीस केली की व्यापार सुधारतो. एकवीस कौशल्यांपैकी सात तुमची मुख्य. त्या सातांत मिळून दहा वेळा प्रगती झाली आणि तुम्ही बिछान्यावर झोप घेतलीत, की तुमची पातळी एकानं वाढते. इथपर्यंत सगळं रास्त आहे. कष्ट केले, फळ मिळालं.

घोटाळा यानंतरचा आहे. तुमची पातळी वाढली की राज्यातले बहुतेक शत्रूही त्याच बेतानं वाढतात. काल ज्या रानात लांडगे होते तिथे आज अस्वलं येतात. सुरुवातीला फाटक्या कातड्याचं चिलखत घालणारा वाटमाऱ्या पुढे पुढे ‘काच’ नावाच्या हिरव्यागार, अतिमहाग धातूचं चिलखत घालून रस्त्यात उभा राहतो आणि तुमच्याकडे शंभर मोहरा मागतो. अरे बाबा, अंगावरचं ते विकलंस तर उरलेलं आयुष्य बसून खाशील! या दृश्यावर जगभरचे खेळाडू आजही हसतात. मला मात्र त्यात निर्देशांक दिसतो. शत्रूंनाही महागाई भत्ता लागू झालेला आहे.

याचे परिणाम मोठे विचित्र होतात. समजा, तुम्ही मुख्य कौशल्यं म्हणून बोलणं, व्यापार आणि उड्या मारणं निवडलीत. गोड बोलून, भाव पाडून, टुणटुण उड्या मारत तुम्ही दहाव्या पातळीवर पोहोचता. दरोडेखोर मात्र तुमच्या उड्यांचा हिशेब तलवारीनं करतो आणि तुमची तलवार अजून बोथटच असते. म्हणून जाणते खेळाडू प्रत्येक पातळीत कुठलं कौशल्य किती वेळा वाढलं याची वहीत नोंद ठेवू लागले, कारण पुढच्या पातळीला शक्ती किंवा चपळाई किती वाढणार हे त्या बेरजेवर ठरत असे. ज्यानं आयुष्यभर खतावण्या जुळवल्या त्यानं विरंगुळ्यासाठी पुन्हा खतावणीच उघडायची? काहींनी तर आणखी सोपी वाट काढली. झोपायचंच नाही! झोप नाही तर पातळी नाही, आणि पातळी नाही तर शत्रूही दुबळेच. ‘झोपला तो संपला’ ही म्हण इतक्या शब्दशः खरी झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. पण ज्या खेळात न वाढणं हाच शहाणपणा ठरतो, त्याच्या हिशेबात कुठेतरी चूक आहे.

निर्मात्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. राज्य मोकळं आहे, खेळाडू आधी उत्तरेला जाईल की दक्षिणेला हे त्यांना ठाऊक नाही. प्रत्येक जागेची काठिण्यपातळी कायमची ठरवून टाकली, तर नवख्याला अर्धा नकाशा बंद आणि मुरलेल्याला उरलेला अर्धा कंटाळवाणा. त्यापेक्षा जो जिथे जाईल तिथे त्याला त्याच्या मापाचं आव्हान मिळू दे, असा तो विचार होता. हेतू वाईट नव्हता. स्वातंत्र्य देण्याच्या भरात त्यांनी स्वातंत्र्याची चवच काढून घेतली, एवढंच. कुठेही गेलं तरी तेच मिळणार असेल, तर कुठे जायचं हे ठरवण्यात काय अर्थ उरला?

कादंबरी लिहिताना एक गोष्ट मी शिकलो. गावातली विहीर नायक येण्याआधीपासून खोल असली पाहिजे. तो पोहायला शिकला म्हणून ती आणखी खोल होत नाही आणि तो बुडेल म्हणून उथळही होत नाही. तिला त्याची पर्वा नाही, म्हणूनच ती खरी वाटते. याच मालिकेतला आधीचा खेळ, २००२ चा ‘मॉरोविंड’, बऱ्याच अंशी असा होता. तिथे चुकीच्या गुहेत शिरलात तर मार खाऊन पळत सुटावं लागे. पुढे महिनाभरानं त्याच गुहेत ताठ मानेनं जाता येई. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा २०२२ चा ‘एल्डन रिंग’ तर सुरुवातीलाच, मोकळ्या माळावर, सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार तुमच्यासमोर फिरता ठेवतो. नवख्याला तो दोन फटक्यांत लोळवतो. पण त्याच्याशी लढलंच पाहिजे अशी सक्ती नाही. वळसा घालून जा, जग बघा, बळ कमवा, मग परत या. परत आल्यावर तो तेवढाच असतो, तुम्ही वाढलेले असता. ही खरी बढती, हिचे पेढे वाटावेत.

बेथेस्डानंही पुढे हे ओळखलं असावं. त्यांच्या २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये अनेक ठिकाणांना किमान आणि कमाल पातळी आखून दिली गेली आणि तुम्ही पहिल्यांदा पाऊल ठेवाल तेव्हाची पातळी सहसा तिथे कायम राहू लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर बदलत्या व्याजदराच्या कर्जावरून ते बऱ्याच अंशी स्थिर दरावर आले. कर्जदाराला निदान आपण कशावर सही करतो आहोत हे कळू लागलं.

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला? खेळ सोपा-कठीण करायची सोय असतेच की! असते. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये त्यासाठी एक सरकपट्टी होती, ती डावीकडे नेली की घाव सौम्य, उजवीकडे नेली की शत्रू दणकट. अशा सोयीचा मी पुरस्कर्ता आहे. साठी ओलांडलेल्या माणसाची बोटं सोळा वर्षांच्या मुलाइतकी चपळ नसतात. कुणाच्या हाताला अपंगत्व असेल, कुणाला फक्त गोष्ट ऐकायची असेल. त्यांना कमी लेखणाऱ्या शूरवीरांशी माझं मुळीच पटत नाही. पण त्या पट्टीनं शत्रू अधिक हुशार होत नाही, त्याच्या घावाचा गुणाकार बदलतो. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये अनेकांना ती सरकवावी लागली ती वाढता वाढता मागे पडल्यामुळे. बुडीत निघालेल्या खात्याला नवे हप्ते बांधून द्यावेत तसं ते होतं. हप्ता हलका झाला, तरी मूळ हिशेब चुकलेलाच राहिला. २०२५ च्या आवृत्तीत पट्टीऐवजी पाच पायऱ्या आल्या, तर मधली फार सोपी आणि तिच्या वरची एकदम छाताडावर बसणारी, अशी तक्रार सुरू झाली.

मूळ हिशेब दुरुस्त करण्याचा मार्ग होता. तो कुणाला खुला होता, हे घरात कुठलं यंत्र आलं आहे यावर ठरलं. कंपनीनं २००६ साली संगणकावर खेळणाऱ्यांना खेळाची घडण बदलण्याची हत्यारं फुकट दिली. हौशी खेळाडूंनी रात्री जागून दरोडेखोरांची चिलखतं उतरवली, जागांना आपापली कायमची काठिण्यपातळी दिली आणि अवघं राज्य ताळ्यावर आणलं. एक पैसा न घेता! मात्र ज्यांनी तोच खेळ एक्सबॉक्स ३६० किंवा पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ३ वर घेतला, त्यांना यातलं काही मिळालं नाही. एकाचं स्वतःचं घर, दुसरा भाडेकरू. भाडेकरूचं घर नीटनेटकं, टीव्हीला जोडलं की सुरू, कटकट नाही. पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही. २०१६ च्या सुधारित ‘स्कायरिम’मध्ये भाडेकरूंनाही थोडे खिळे ठोकता येऊ लागले, त्यातही प्लेस्टेशनवाल्यांवर बंधनं जास्त. २०२५ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये तर कंपनीनं अशा बदलांना अधिकृत पाठिंबाच दिलेला नाही, संगणकवाले आपल्या हिमतीवर ते करत असतात.

मला हे खटकतं. खेळ कुठल्या यंत्रावर घ्यावा हे बहुतेक घरांत खिशाकडे पाहून ठरतं. ‘अभ्यासासाठी’ आणलेला संगणक असेल तर तो, नाहीतर कुणा मावशी-काकांनी परदेशातून आणलेला डबा. सुंदर चित्रं आणि वेग यांसाठी जास्त पैसे मोजावे लागावेत, हे व्यवहाराला धरून आहे. पण खेळाचा तोल बिघडलेला असेल, तर तो सावरण्याचा हक्क काहींनाच असावा, हे बरोबर नाही. तोल ही विकत घ्यायची जादा सोय नव्हे. खेळाची किंमत भरली तेव्हाच तो पदरात पडायला हवा, मग यंत्र कुठलंही असो.

घरात असा खेळ घेण्याचा विषय निघाला, तर यंत्राच्या किमतीबरोबर एवढं जरूर विचारा, की त्या यंत्रावर खेळात बदल करता येतात का, आणि सोपं-कठीण करण्याची सोय किती बारीक आहे. जुना ‘ऑब्लिव्हियन’ संगणकासाठी आजही विकत मिळतो आणि त्याला बेताचा संगणकही पुरतो. नवं दिसतं म्हणून दुप्पट-तिप्पट खर्च केलाच पाहिजे असं नाही.

आणि नातू किंवा नात खेळून उठली की ‘किती शत्रू मारलेस?’ हे विचारू नका. ‘कुणाला टाळून पुढे गेलास, आणि परत कधी आलास?’ असं विचारून पाहा. उत्तर सांगताना पोरांचा चेहरा उजळला, तर खुशाल समजा की त्या खेळात पगार खरोखर वाढतो आहे.